कोण कोणाच्या अंकात शिरलं? जुन्या ब्रिटिश विनोदी कॉमिकमधल्या भेटीगाठींविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बीनो, डँडी, बस्टर, व्हिझर अँड चिप्स या जुन्या ब्रिटिश साप्ताहिकांतली पात्रं एकमेकांच्या पानांवर कशी शिरली, कशासाठी शिरली आणि कुठे त्यांना दार कायम बंद राहिलं, याबद्दल सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. क्रम सोप्याकडून अवघडाकडे आहे. मध्येच एखादा प्रश्न उघडून वाचलात तरी अडणार नाही. जिथे दुसऱ्या उत्तराची गरज आहे तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. क्रॉसओव्हर नेमकं कशाला म्हणायचं?

एका चित्रपट्टीतलं पात्र स्वतःच्या नावानिशी आणि खोडीनिशी दुसऱ्या पट्टीत आलं की तो क्रॉसओव्हर. अमेरिकन सुपरहिरोंच्या बाबतीत अशी भेट म्हणजे सोहळाच. चार-चार अंक चालणारी, जग वाचवणारी. ब्रिटिश विनोदी साप्ताहिकात एका पट्टीला मिळायचं अर्धं पान, एक पान, फार तर दोन. पाहुण्याला त्यात एखादी चौकट मिळाली तरी खूप. त्यामुळे इथले क्रॉसओव्हर पटकन नजरेतून सुटतात.

तीन गोष्टींची यात गल्लत होते. पात्र एका साप्ताहिकातून दुसऱ्यात कायमचं राहायला गेलं तर ती बदली (प्रश्न ४). एखाद्या दुय्यम पात्राला वेगळी पट्टी मिळाली तर ते स्पिन-ऑफ (प्रश्न ११). आणि पात्र नुसतंच सारखं दिसत असेल तर ते या दोन्हींत बसत नाही (प्रश्न १२).

२. 'जुनी ब्रिटिश विनोदी कॉमिक' म्हणजे कोणती? मला फक्त बीनो माहीत आहे.

दोन छावण्या लक्षात ठेवा, पुढचं सगळं सोपं होतं.

पहिली छावणी स्कॉटलंडमधल्या डंडी शहरातली डी. सी. थॉमसन ही कंपनी. तिचा डँडी ४ डिसेंबर १९३७चा, बीनो ३० जुलै १९३८चा. (अंक तो डँडी आणि शहर ते डंडी, पत्रं लिहिताना बरेच जण हे उलटसुलट करतात.) मग टॉपर १९५३, बीझर १९५६, स्पार्की १९६५, नटी १९८०.

दुसरी छावणी लंडनची. अमॅल्गमेटेड प्रेस, मग तिचंच नाव फ्लीटवे, मग त्या सगळ्यांना पोटात घेणारी आयपीसी ही बडी प्रकाशन कंपनी. नॉक-आउट १९३९, बस्टर १९६०, व्हिझर अँड चिप्स १९६९, कॉर!! १९७०, शिव्हर अँड शेक १९७३, व्हूपी! १९७४, मॉन्स्टर फन १९७५ ही या घरातली. ओडम्स नावाच्या प्रकाशनाची वॅम! (१९६४), स्मॅश! (१९६६) आणि पॉव! (१९६७) हीसुद्धा शेवटी याच घरात आली.

३. कोणतं पात्र कोणाला भेटणार हे लेखक-चित्रकार ठरवायचे का?

नाही. ते ठरायचं मालकीवर. बीनोचा डेनिस आणि बस्टर या अंकाचा नायक बस्टर एकाच देशातल्या दुकानात, एकाच फळीवर शेजारी-शेजारी लटकायचे. पण एक डंडीचा आणि दुसरा लंडनचा, म्हणून त्यांची गाठ पडायची सोय नव्हती. याउलट, ज्यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही अशी दोन पात्रं मालक एकच म्हणून एका पानावर येऊन बसली.

चित्रकारांच्या हातात काहीच नव्हतं. लिओ बॅक्सेंडेलने बीनोसाठी १९५३मध्ये लिटल प्लम आणि मिनी द मिंक्स उभ्या केल्या, १९५४मध्ये बॅश स्ट्रीटची पोरं. ही पोरं आधी 'व्हेन द बेल रिंग्ज' या नावाने येत, 'बॅश स्ट्रीट किड्स' हे नाव १९५६चं. बॅक्सेंडेल पुढे कंपनी सोडून गेला तेव्हा यातलं एकही पात्र त्याच्याबरोबर गेलं नाही. १९८०च्या दशकात त्याने हक्कांसाठी थॉमसनशी सात वर्षं कज्जा केला आणि १९८७मध्ये तो न्यायालयाबाहेर मिटला. थॉमसनच्या अंकांत चित्रकाराची सहीसुद्धा बराच काळ छापत नसत, मग पात्रावर हक्क कुठला?

म्हणून माझा आग्रह असा, की कुठलाही क्रॉसओव्हर दिसला की 'कथेत हे का झालं' याआधी 'त्या वर्षी मालक कोण होता' हे बघावं. दहापैकी नऊ कोडी तिथेच सुटतात.

४. 'दोन कॉमिक एक झाली' म्हणजे काय व्हायचं?

खप घसरला की साप्ताहिक बंद न करता दुसऱ्या, जास्त खपणाऱ्या साप्ताहिकात मिसळून टाकायचं, ही या धंद्याची नेहमीची रीत. वाचकाला आदल्या आठवड्यापर्यंत पत्ता नसे. एके दिवशी मुखपृष्ठावर 'आत मोठी खूशखबर!' असं छापून यायचं. अनुभवी पोरांना कळायचं की आपलं कॉमिक संपलं. पुढच्या आठवड्यापासून पेपरवाला त्याच घरी दुसरा अंक टाकायचा, आणि प्रकाशकाला हवं होतं ते एवढंच: घरोघरची बांधलेली गिऱ्हाइकं तुटू नयेत.

मिसळलेल्या अंकाचं मुखपृष्ठ बघण्यासारखं असतं. पहिले काही आठवडे दोन्ही नावं मोठ्या अक्षरांत. मग दुसरं नाव हळूहळू बारीक होत कोपऱ्यात जातं आणि एक दिवस नाहीसं होतं. बस्टरच्या पोटात अशी कॉर!! (१९७४), मॉन्स्टर फन (१९७६), जॅकपॉट (१९८२), स्कूल फन (१९८४), ऑइंक! (१९८८) आणि शेवटी १९९०मध्ये खुद्द व्हिझर अँड चिप्स गेली. व्हिझर अँड चिप्सने त्याआधी क्रेझी आणि व्हूपी! गिळली होती, आणि व्हूपी!ने शिव्हर अँड शेक, चीकी वीकली आणि वॉव!. म्हणजे स्वीनी टॉडलरसारखं कार्टं शिव्हर अँड शेकमध्ये जन्मलं ते व्हूपी!, व्हिझर अँड चिप्स असे मुक्काम करत बस्टरपर्यंत पोचलं. आपल्याकडे बदलीच्या नोकरीत एवढी घरं फिरलेली माणसं असतात, त्यातला प्रकार.

थॉमसनकडेही हेच. बनानामॅन १९८०मध्ये नटीत आला, १९८५मध्ये नटीबरोबर डँडीत गेला, २०१२पासून बीनोत आहे. या सगळ्या बदल्या. पण बदलीतूनच खरे क्रॉसओव्हर कसे जन्मले ते पुढच्या उत्तरात.

५. विलीनीकरणात दोन पट्ट्यांची मिळून एक पट्टी झाली, असं कधी घडलं का?

घडलं, आणि या विषयातला माझा सगळ्यात आवडता भाग हाच. नव्या अंकात जागा मर्यादित. एकाच कल्पनेवरच्या दोन पट्ट्या ठेवणं परवडत नसे. मग संपादक सरळ सोयरीक जुळवून टाकत.

कॉर!!मध्ये आयव्हर लॉट आणि टोनी ब्रोक ही जोडी होती. एक गर्भश्रीमंत पोरगा, दुसरा फाटका. श्रीमंत दरवेळी मिरवायला जाणार आणि तोंडघशी पडणार. इकडे जॅकपॉटमध्ये तोच खेळ मुलींचा: मिली ओनेअर आणि पेनी लेस. १९८२मध्ये जॅकपॉट बस्टरमध्ये आलं तेव्हा आयव्हर आणि टोनी आधीपासूनच तिथे होते. चौघांना एका पट्टीत घातलं आणि मथळ्यात चारही नावं लावली. आता हेवेदावे दुप्पट, पान तेवढंच.

थॉमसनचं उदाहरण त्याहून गमतीचं. कडल्स हे नटीतलं द्वाड बाळ. पुढे ते हूट या साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर आलं. डिंपल्स हे डँडीतलं तसंच द्वाड बाळ. १९८६मध्ये हूट डँडीत मिसळलं आणि 'कडल्स अँड डिंपल्स' सुरू झालं. सुरुवातीला दोघं शेजारी होते. पुढे कधीतरी भाऊ झाले, एकाच घरात, एकाच आईबापांच्या डोक्यावर! वेगळ्या साप्ताहिकांत जन्मलेली दोन पोरं सख्खी भावंडं झाली, याचं स्पष्टीकरण द्यावं असं कुणाला वाटलं नाही, आणि वाचणाऱ्या मुलांनाही त्याची गरज पडली नाही.

६. व्हिझर अँड चिप्समधली 'धाड' काय भानगड होती?

हे साप्ताहिक 'एका किमतीत दोन कॉमिक' म्हणून विकलं जाई. बाहेरची पानं व्हिझर, आणि मधोमध बाहेर ओढून काढता येईल अशी पुरवणी चिप्स. व्हिझरचा म्होरक्या सिड, ज्याच्याकडे स्लिपी नावाचा अजस्र पाळीव साप. चिप्सचा म्होरक्या शायनर, ज्याचा डोळा प्रत्येक गोष्टीच्या शेवटी काळानिळा होणार म्हणजे होणारच. वाचकांनीही बाजू घ्यायची: तू 'व्हिझ-किड' की 'चिप-आइट'? एका बाजूचं झालं की दुसऱ्या बाजूची पानं वाचायचीच नाहीत असा दम अंकातूनच दिला जाई. अर्थात सगळी पोरं दोन्ही वाचत.

धाड म्हणजे एका बाजूच्या पात्राने दुसऱ्या बाजूच्या पट्टीत घुसणं. तुम्ही चिप्समधली एखादी गोष्ट वाचताय, आणि एका चौकटीत कुंपणाआडून किंवा गर्दीतून व्हिझरचा गडी डोकं काढतो. त्या पट्टीतल्या पात्रांना त्याची दादही नसते. वाचकाने तो हुडकायचा. कथेवर परिणाम शून्य.

या विषयातला हाच एक मोठा क्रॉसओव्हर असा, की जो मालकीच्या घडामोडीतून न येता अंकाच्या रचनेतून आला. दोन्ही बाजू एकाच प्रकाशकाच्या, एकाच पिन मारलेल्या अंकातल्या. भांडण सगळं लुटुपुटीचं. बाहेरून दुसरं कॉमिक मिसळलं की मात्र नवी पेचाची स्थिती: आलेल्यांपैकी कोण कोणत्या बाजूला जाणार? १९७३मध्ये नॉकआउट आलं तेव्हा जोकर, फस पॉट अशी पात्रं आली, त्यांच्याही निष्ठा ठरवाव्या लागल्या. (हे नॉकआउट १९७१चं, प्रश्न २मधलं १९३९चं वेगळं.)

७. बस्टर खरंच अँडी कॅपचा मुलगा होता का?

होता, निदान सुरुवातीला. २८ मे १९६०ला अंक निघाला तेव्हा त्याची ओळखच 'अँडी कॅपचा मुलगा' अशी होती. अँडी कॅप ही रेग स्माइदची पट्टी १९५७पासून डेली मिरर या दैनिकात येत होती: डोळ्यांवर ओढलेली चपटी टोपी, कामाचा कंटाळा, बायको फ्लो. बस्टरच्या डोक्यावर तशीच टोपी, आणि आईही फ्लोच.

मोठ्यांच्या दैनिकातल्या पात्राचा मुलगा लहानांच्या साप्ताहिकात कसा? उत्तर पुन्हा प्रश्न ३चं. मिरर समूहाने अमॅल्गमेटेड प्रेस विकत घेतली होती आणि तिचीच फ्लीटवे केली होती. दोन्ही पात्रं एकाच घरची, म्हणून बापाच्या नावावर पोराची जाहिरात झाली. बस्टर स्वतःच्या पायावर उभा राहिल्यावर बापाचं नाव हळूहळू गळालं. टोपी मात्र शेवटपर्यंत राहिली. तिचं काय झालं ते प्रश्न १६मध्ये.

८. लॉर्ड स्नूटीच्या टोळीतली काही मुलं आधी दुसरीकडे पाहिल्यासारखी वाटतात. भास आहे का?

भास नाही. लॉर्ड स्नूटी बीनोच्या पहिल्या अंकापासूनचा. उमराव पोरगा, पण खेळायला गल्लीतली टोळी. मधे खंड पडून १९५०मध्ये पट्टी परत आली तेव्हा जुन्या टोळीतले काही गायब होते आणि त्यांच्या जागी डाउटिंग थॉमस, स्वँकी लँकी लिझ, बिग फॅट जो ही मंडळी. या प्रत्येकाची पूर्वी बीनोतच स्वतंत्र पट्टी होती आणि ती बंद पडली होती. बेकार झालेल्या पात्रांना लॉर्डसाहेबांच्या वाड्यावर कामाला लावलं, असं म्हणा.

९. बीनोतले डेनिस, मिनी, रॉजर आणि बॅश स्ट्रीटची पोरं एकाच गावात राहतात ना?

आज हो, त्या गावाचं नाव बीनोटाउन. पण १९५०-६०च्या अंकांत हे शोधायला गेलात तर निराश व्हाल. तेव्हा प्रत्येक पट्टीचं गाव, शाळा, पोलीस वेगळे. डेनिसला बॅश स्ट्रीट शाळेत बसवलं ते फार पुढे.

जुन्या अंकांत एकत्र भेट व्हायची ती सणावाराला: वाढदिवसाचे अंक, नाताळ, वार्षिकांची मुखपृष्ठं. १९८२पासून निघालेल्या बीनो कॉमिक लायब्ररीच्या छोट्या पुस्तिकांत ६४ पानांची एकच गोष्ट असे, तिथे पाहुण्याला नीट जागा मिळे. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवण्यासारखी: डेव्हिड सदरलँड या एकाच चित्रकाराने १९६२पासून साठ वर्षं बॅश स्ट्रीट काढलं, १९७०पासून १९९८पर्यंत डेनिस काढला, आणि मधे बिफो द बेअरही. पात्रं भेटत नसतानाही त्यांचे रस्ते, कुंपणं आणि चिडलेले बाप एकाच गावचे वाटतात, ते त्याच्या हातामुळे. गाव आधी चित्रात तयार झालं, नाव नंतर पडलं, असं माझं मत आहे.

१०. बीनो आणि डँडी एकाच कंपनीची. मग त्यांची पात्रं सारखी का भेटत नव्हती?

कारण दोन्ही अंक विकायचे होते. मुलांनी भावंडांत भांडावं, एकाने हा घ्यावा दुसऱ्याने तो, यात कंपनीचा फायदा. म्हणून एकमेकांची टर उडवणं चाले, मुक्काम टाळला जाई. जाहीर एकत्र येण्याचं जुनं उदाहरण म्हणजे १९६३चा उन्हाळी विशेषांक, जो डँडी-बीनो असा जोडीने निघाला. पुढच्या वर्षापासून दोघांनी चूल वेगळी केली.

सगळ्यात टिकाऊ भेट कागदावर नाहीच. डंडी शहराच्या हाय स्ट्रीटवर २००१पासून डेस्परेट डॅनचा ब्राँझचा पुतळा आहे. छाती काढून, ढांगा टाकत चाललेला डॅन, बरोबर त्याचा कुत्रा. लोक समोरून फोटो काढतात आणि निघून जातात. मागे वळून बघितलंत तर तिथे मिनी द मिंक्स बेचकी ताणून त्याच्यावर नेम धरून उभी आहे. डॅन डँडीचा, मिनी बीनोची.

डँडीचा छापील अंक ४ डिसेंबर २०१२ला, बरोबर पंचाहत्तरीच्या दिवशी थांबला. बनानामॅन मात्र त्याआधीपासूनच बीनोत येऊ लागला होता. तो पुन्हा प्रश्न ४मधला बदलीचा मामला.

११. प्लगच्या नावाचं अख्खं कॉमिक निघालं होतं. तो क्रॉसओव्हर की स्पिन-ऑफ?

स्पिन-ऑफ. बॅश स्ट्रीटच्या टोळीतला हा सगळ्यात कुरूप पोरगा. १९७७मध्ये थॉमसनने त्याच्या नावाने साप्ताहिक काढलं, १९७९मध्ये ते बीझरमध्ये मिसळून गेलं. डेनिसच्या नॅशर कुत्र्याची वेगळी पट्टी आणि रॅशर डुकराची पट्टी याच जातीच्या. नॅशर १९६८मध्ये आला, १९८६मध्ये काही आठवडे गायब झाला, वाचक हवालदिल, आणि परतला तो बाप होऊन. त्यातल्या निपर या पिल्लाला घेऊन मग नवी पट्टी निघाली.

खलनायकाचं स्पिन-ऑफ हवं असेल तर ग्रिमली फींडिश बघा. वॅम!मध्ये तो ईगल-आय या पोरसवदा गुप्तहेराचा शत्रू होता. लोकांना नायकापेक्षा हाच आवडला, म्हणून स्मॅश!मध्ये त्याला स्वतःची पट्टी मिळाली.

१२. मिनीसारखीच दिसणारी मुलगी दुसऱ्या कंपनीच्या अंकात पाहिली. ती मिनीच का?

बहुतेक तुम्ही स्मॅश!मधली बॅड पेनी पाहिलीत. ती मिनी नव्हे, पण हात तोच. बॅक्सेंडेल थॉमसन सोडून ओडम्सकडे गेला आणि वॅम!, स्मॅश!साठी नवी पोरं काढू लागला. वॅम!मधली द टिडलर्स ही वर्गभर वांड पोरांची पट्टी बघताना बॅश स्ट्रीट आठवणारच. पात्र कंपनीकडे राहतं, रेघ चित्रकाराबरोबर जाते.

अशीच दुसरी जोडी थॉमसनच्या घरातली: बीनोचा डेनिस आणि टॉपरची बेरिल द पेरिल. दोघांचा चित्रकार डेव्हिड लॉ. बेरिल दिसली म्हणून डेनिसची बहीण समजू नका. तसं नातं कुठे दिलेलं नाही.

१३. ब्रिटिश डेनिस आणि अमेरिकन डेनिस कधी भेटले का?

आपल्याकडून सर्वांत जास्त येणारा प्रश्न हा, आणि कारण उघड आहे: भारतातल्या इंग्रजी वर्तमानपत्रांत वर्षानुवर्षं जो छापला गेला तो अमेरिकन डेनिस, हँक केचमचा. सोनेरी केसांचा, निरागस, शेजारच्या म्हाताऱ्याला नकळत छळणारा. बीनोचा डेनिस काळ्या विस्कटलेल्या केसांचा, लाल-काळ्या पट्ट्यांच्या स्वेटरचा, आणि जे करतो ते ठरवून करतो.

दोघं जगासमोर आले एकाच दिवशी, १२ मार्च १९५१ला. बीनोच्या त्या अंकावर तारीख १७ मार्चची आहे, कारण अंकावर पुढची तारीख घालायची पद्धत होती. कुणी कुणाची नक्कल केली नाही; तो निव्वळ योगायोग. मालक वेगळे, देश वेगळे, आणि नाव एकच असल्याने भेट घडवण्यापेक्षा एकमेकांना टाळणंच सोयीचं. १९९३चा अमेरिकन चित्रपट ब्रिटनमध्ये नुसता 'डेनिस' या नावाने लागला तो यामुळेच.

१४. एखाद्या अंकातल्या सगळ्याच पट्ट्या एकमेकींत गुंफल्या होत्या असं आहे का?

त्याच्या सर्वांत जवळ गेलं चीकी वीकली (१९७७ ते १९८०). चीकी हा क्रेझीतल्या टोळीतला पोरगा. त्याच्या साप्ताहिकात रविवार ते शनिवार असा त्याचा आठवडा चालतो, आणि बाकीच्या पट्ट्या त्या आठवड्यात कुठेतरी त्याच्या वाटेत येतात: तो काहीतरी वाचतो, बघतो, ऐकतो, की ती पट्टी सुरू. कल्पना म्हणून ही मला धाडीपेक्षाही (प्रश्न ६) वरची वाटते, पण खपाला कल्पकतेचं काय.

स्पार्कीतली 'वी आर द स्पार्की पीपल' ही पट्टी वेगळ्या वाटेची. तिच्यात अंक काढणारं कार्यालयच पात्र होतं, आणि संपादक म्हणजे नुसते 'सर'.

१५. बिली बंटर या यादीत बसतो का?

बसतो, पण त्याची सुरुवात चित्रकथेत नाही. तो द मॅग्नेट (१९०८ ते १९४०) या कथा-साप्ताहिकातला, ग्रेफ्रायर्स शाळेतला खादाड. लिहिणारा फ्रँक रिचर्ड्स, म्हणजेच चार्ल्स हॅमिल्टन. हाच माणूस द जेममध्ये मार्टिन क्लिफर्ड या नावाने सेंट जिम्स शाळेच्या गोष्टी लिहायचा आणि ओवेन कॉन्क्वेस्ट नावाने रुकवुडच्या. त्यामुळे तिन्ही शाळांत सामने व्हायचे, एकीकडची मुलं दुसरीकडे जायची. वाचकाला वाटे तीन लेखकांनी संगनमत केलंय. प्रत्यक्षात एकच गृहस्थ टाइपरायटरसमोर बसलेले. १९१९मध्ये मुलींच्या द स्कूल फ्रेंडमध्ये बिलीची बहीण बेसी अवतरली, तीही त्याच्याच डोक्यातून. १९३९पासून बिली नॉक-आउटमध्ये चित्रपट्टी म्हणून आला, आणि पुढच्या वर्षी मॅग्नेट बंद पडून नॉक-आउटमध्येच विलीन झालं.

भारतीय वाचक इथे हटकून विचारतात तो हरी जमसेट राम सिंग, भानिपूरचा नबाब. हाही ग्रेफ्रायर्सला येण्याआधी हॅमिल्टनच्याच दुसऱ्या गोष्टींत होऊन गेला होता, म्हणजे क्रॉसओव्हरच. नावात पारशी, हिंदू, शीख आणि वर नबाबी किताब, सगळं एका ताटात वाढलंय. त्याचं विचित्र इंग्रजी आज खटकतं. पण तो पहिल्या फळीतल्या पाच मित्रांपैकी एक आहे, क्रिकेटमध्ये सरस आहे, आणि त्या काळच्या साप्ताहिकांत भारतीय मुलाला अशी बरोबरीची जागा मिळणं दुर्मीळ होतं, हेही खरं.

१६. मालक वेगळे असूनही झालेली एखादी भेट आहे का?

उघडपणे नाही, चोरून आहे. व्हिझ हे १९७९मध्ये न्यूकॅसलहून निघालेलं प्रौढांचं कॉमिक थॉमसनच्या पात्रांची सर्रास विडंबनं छापे. कंपनीने डोळे वटारल्यावर त्यांनी कंपनीच्याच नावाचं एक विनोदबुद्धी नसलेलं स्कॉटिश पात्र काढलं. डँडीनेही मग 'द जॉक्स अँड द जॉर्डीज' ही आपली जुनी पट्टी उकरून व्हिझवाल्यांना चिमटे काढले. दोघांनीही वकिलांपेक्षा पेन्सिलीवर भागवलं हे बरं झालं.

आणि दुसरी बस्टरची टोपी. बस्टरचा शेवटचा अंक ४ जानेवारी २०००चा. शेवटचं पान जे. एडवर्ड ऑलिव्हरने काढलं आणि त्यात अंकातल्या एकेका पट्टीचा निकाल लावून टाकला. बस्टरच्या वाट्याला चौकट आली ती अशी: चाळीस वर्षं डोक्यावरून न उतरलेली टोपी तो काढतो, आणि खाली डेनिस द मेनेसचे ते उभे, काळे, विस्कटलेले केस. लंडनच्या अंकात डंडीचं पात्र अखेर शिरलं, तेही फक्त केसांपुरतं.

१७. वार्षिकात 'चुकीच्या' वर्षाची पात्रं कशी? बंद पडलेल्या कॉमिकचं वार्षिक कसं निघालं?

वार्षिकं आदल्या वर्षीच्या शरदात, नाताळची भेट म्हणून विकली जात आणि त्यांवर पुढचं वर्ष छापलेलं असे. १९७५चं म्हणजे १९७४मध्ये दुकानात आलेलं, आणि काम त्याच्याही आधी सुरू झालेलं. बीनो, डँडीच्या जुन्या वार्षिकांच्या मुखपृष्ठावर तर वर्षच नसतं.

शिवाय साप्ताहिक मेलं तरी नाव विकत राही. कॉर!! १९७४मध्ये बस्टरमध्ये गेलं, पण कॉर!!ची वार्षिकं त्यानंतरही कितीतरी वर्षं निघत होती. त्यामुळे आठवड्याला बस्टरमध्ये दिसणारी पात्रं वर्षातून एकदा आपल्या जुन्या नावाच्या पुस्तकात परत जमत. अशा पानाला क्रॉसओव्हर म्हणू नका. ते माहेरी आलेले असतात.

१८. ही पात्रं आज कोणाची? जुने अंक आपल्याकडे मिळतात का?

बीनो-डँडीची मंडळी अजून डी. सी. थॉमसनकडेच. लंडनच्या छावणीचा संग्रह रिबेलियन या कंपनीने २०१६ आणि २०१८मध्ये दोन टप्प्यांत विकत घेतला. म्हणून २०१९मध्ये कॉर!! आणि बस्टर या दोन नावांचा एकत्र विशेषांक निघू शकला आणि २०२२पासून मॉन्स्टर फन पुन्हा सुरू झालं. जुने हक्क एका छताखाली आल्यावर नव्या भेटी लगेच सुरू झाल्या, प्रश्न ३मध्ये म्हटलं तसंच.

मुंबईत फोर्टातल्या पदपथावर आणि पुण्यातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत मिळतात ती बहुधा पुठ्ठ्याच्या बांधणीची वार्षिकं; साप्ताहिकं स्वस्त वर्तमानपत्री कागदावरची, आपल्या पावसाळी हवेत ती टिकत नाहीत. व्हिझर अँड चिप्सचा अंक हाती लागलाच तर पैसे देण्याआधी मधली पानं मोजा. चिप्स ही ओढून काढायची पुरवणी असल्याने बऱ्याच प्रतींतून ती कधीच निघून गेलेली असते, आणि मग उरलेल्या व्हिझरमध्ये घुसलेला धाडकरी (प्रश्न ६) चिप्समधल्या कोणत्या पट्टीतला हे तुम्हाला नावानेच ओळखावं लागेल.